एकतीस का तेहतीस

बार्शी नाक्यावर कय्यूमभाईच्या दुकानात
टायरांच्या चळतीवर बसून तिसरा चहा पितोय
आणि अजून ठरत नाही.

जिप्सी जुनी, मिलिटरीच्या लिलावातली.
वरून पांढरी, नखानं खरवडली की हिरवी.
इंजिन तेराशेचं.
हिला तेहतीस इंची टायर म्हणजे
सहावीतल्या पोराच्या पायात बापाचे गमबूट.
पण भिंतीवरच्या पोस्टरात तो असा काही उभा आहे,
दातांचा, खांद्यापर्यंत कंगोरे,
की हात आपोआप खिशाकडं जातो.

कय्यूमभाई मडगार्डवर खडूनं रेघ मारतात,
स्टेअरिंग पार डावीकडं वळवायला लावतात,
आत चार बोटं घालून बघतात.
"हे घासतंय. इथं कापावं लागंल.
खाली लिफ्ट. मग शॉकअप. मग जॉइंट.
टायर एकटा येत नसतो, बाबा,
वऱ्हाड घेऊन येतो."

लिंबाजी मागच्या फळीवर बसलाय. बोलत नाही.
डाव्या हाताची करंगळी चोळतोय नुसता.

गेल्या श्रावणात, पाटोद्याच्या वरच्या अंगाला,
सतरा नंबरच्या पवनचक्कीखाली
त्याला विंचू चावला, रात्री दीड वाजता.
खडकावरून नीट उतरलो. मुरूम संपला
आणि काळी लागली.
अर्ध्या किलोमीटरची पट्टी, एवढीच.
फोर बाय फोरचा लिव्हर टाकला, लो टाकला, देवाचं नाव टाकलं.
टायरांवर चिखल असा चढला
की नक्षी म्हणून काही उरलं नाही,
चार काळे लाडू जागच्या जागी फिरत होते
आणि लिंबाजी घामानं भिजून मला सांगत होता
की गुत्तेदाराकडून दोनशे रुपये यायचेत त्याचे,
विसरू नका.
वर पाती फिरत होती, सावकाश.
एवढं वारं,
आणि आम्हाला मागून ढकलायला झुळूक नाही.

यातलं मी कय्यूमभाईला काही सांगत नाही.
एवढंच म्हणतो, काळीत चालणारा पाहिजे.

ते थांबतात. खडू कानावर ठेवतात.
"काली मिट्टी? पैले बोलना ना!
काली कू चौडा नक्को. ऊंचा होना, पतला."

आणि ताडपत्रीखालून एक ओढून काढतात,
सातशे पन्नास सोळा,
मिनीबसला बसतो तसला,
कुठल्याच पोस्टरवर न येणारा.
दोन दातांमधल्या फटीत अंगठा घालतात.
"ही जागा बघा. रबर नका बघू.
माती धरणारे पैशाला पासरी हायेत,
सोडता आली पाहिजे त्याला.
रुंद टायर चिखलावर बसून गप्पा मारतो.
हा चिरत जातो, खालचा मुरूम गाठतो.
रिम सोळाची टाकू. बसंल."

मी पोस्टरकडं एकदा बघून घेतलं.
लग्न ठरल्यावर दुसऱ्या स्थळाचा फोटो बघावा तसं.

निघताना म्हणाले, मीटर आता खोटं बोलंल हं.
काटा पन्नासवर, गाडी साठावर.
लिंबाजीला पाय पोचेना,
त्यानं दाराला सुंभाचा फास बांधला, त्यात पाय देऊन चढला.

कंपनी भत्ता देते किलोमीटरवर, मीटर बघून.
साईटचे बावन्न आता त्रेचाळीस भरतात.
नऊ किलोमीटर रोज कुठंतरी रस्त्यात सांडतात,
येताना वेगळे नऊ.

महिनाअखेरीला हेड ऑफिसातून फोन आला,
"साईट जवळ आलीये का हो तुमची?"
तेव्हा नेमकी ती पट्टी लागलेली,
जिप्सी पहिल्यात, कण्हत, पण थांबत नव्हती,
आणि चारी चाकांवरून ढेकळं उडून
बॉनेटवर, काचेवर, आमच्या डब्यावर बसत होती.
लिंबाजी बाहेर हात काढून
त्याच करंगळीनं आरसा पुसत होता.

"व्हय म्हणा," म्हणाला,
"लई जवळ आलीये."