तापाची वही

भोसरी एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमागं
आमची एसी खोली आहे.
बावीस अंश, वर नाही, खाली नाही.
पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत काचेतून बघतात,
म्हणतात, पुढच्या जन्मी ससाच व्हावं बाई.

मी त्यांना सगळं सांगत नाही.

तीन ससे घ्यायचे. मान चौकटीत.
थर्मामीटरला व्हॅसलिन, शेपटीखाली.
मग कान ट्यूबलाइटकडं धरायचा,
कांद्याच्या पापुद्र्यात दिसते तशी
एक शीर दिसते.
तिच्यात सलाईन, कोमट करून, सावकाश.
तीन तास. दर अर्ध्या तासाला आकडा.
ताप चढला, बॅच नापास.
नाही चढला, की गाडी भरते.

ससा ओरडत नाही.
सतरा वर्षांत एकदाच ऐकलाय मी तो आवाज,
नव्या पोरानं मागचा पाय चुकीचा धरला तेव्हा.
लोक म्हणतात, तान्ह्या बाळासारखा असतो.
नाही.
बाळ कुणाला तरी हाक मारत असतं.

खायला घालतात ते लांडगेमामा.
(आडनावावर सगळ्यांचं हसून झालंय.)
कंपनीच्या गोळ्या असतात मापाच्या,
मामा मात्र डब्याच्या पिशवीतून मेथीच्या काड्या आणतात
आणि ढमढेरे सर आले की खोकतात.

सशांना नाव ठेवायचं नाही, हा लिहिलेला नियम.
कंपनीला नावं ठेवायची नाहीत, हा न लिहिलेला.
कानावर नंबर गोंदलेला, तेवढाच पुरे.
तरी चारशे बाराला मामा 'पाव्हणं' म्हणायचे.

वहीत रकाने: वजन, तापमान, शेरा.
शेवटचा रकाना 'निकाली'.
तो मी भरते. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

ऑक्टोबरात चैत्रालीला डेंग्यू झाला.
पिंपरीत, महापालिकेच्या दवाखान्यात,
दोन पेशंटला एक स्टँड.
प्लेटलेट चौतीस हजार.
सिस्टरनं बाटली टांगली
आणि मी हाताच्या सवयीनं ती फिरवून बघितली.
बॅच आमची.
जुलैतली.
चारशे सात, चारशे बारा, चारशे पंधरा.
शून्य पॉइंट दोन, शून्य पॉइंट तीन, शून्य पॉइंट एक.

सिस्टर म्हणाली, ताई, देवाचं नाव घ्या.
मला तर तीन नंबरच आठवत होते,
तेच म्हणत बसले,
थेंब मोजत, पहाटेपर्यंत.

पोरगी बरी झाली. मी कामावर गेले.
पर्समध्ये एक गाजर होतं, धुऊन, पुसून.
चारशे बाराच्या पिंजऱ्यात दुसराच कोणी.
वही उघडली.
निकाली. तारीख सप्टेंबरची.
अक्षर सुंदर, माझंच.
लिहिलेलं मला आठवतसुद्धा नव्हतं.

गाजर मामांनी घेतलं. काही विचारलं नाही.

आता सर सांगतात, नवी चाचणी येतेय,
माणसाच्या रक्तातल्या पेशी, काचेच्या थाळीत.
ससा लागणारच नाही.
मी विचारलं, हे कळलं कधी जगाला?
म्हणाले, झाली की बरीच वर्षं.
मग आजवर?
म्हणाले, परवानग्या, खर्च, तुम्हाला नाही कळायचं.
बरोबर आहे. मला फक्त ताप कळतो.

चैत्राली आता शाळेत जाते, वेणीही स्वतः घालते.
परवा विचारत होती, आई, ससे चावतात का गं तुला?
नाही, म्हटलं.
कधीच?
मी कुकरची शिट्टी मोजत राहिले.

मशीन येऊन पडलंय दिवाळीपासून,
दारामागं, न उघडलेलं.
लांडगेमामा त्याच्यावर डबा ठेवून जेवतात.
रोज तीन ससे घेऊन मी त्याला वळसा घालून जाते.
खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय:
नाजूक. सांभाळून उचला.