घट

आमच्या हुपरीत किलोमागं घट धरतात.
डाख लावताना, घासताना, चांदी उडते.
दुकानातला केर आम्ही उकिरड्यावर टाकत नाही,
झारेकरी तो तोलून नेतो
आणि राखेतून वाटाण्याएवढा गोळा काढून दाखवतो.

म्हणून कोल्हापुरात डॉक्टर उपाध्ये म्हणाले,
"रक्तात फार बारीक काहीतरी शोधायचंय,"
तेव्हा बाकीच्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या,
मला लगेच कळलं.

सत्तावीस वर्षं मी पाटावर बसून आहे.
एक गुडघा वर, एक मांडी मोडून,
फुंकणीनं ज्योत वाकवत,
घुंगरात एकेक रवा सोडत.
थोरली, कमलश्री, समोरच्या पाटावर.
तिच्या छातीतली गाठ रव्याएवढी होती
तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही.
सांगितलं तेव्हा सुपारी झाली होती.
तिच्या पाटावर आता आम्ही मोड ठेवतो.

बारा आठवडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार.
पहाटेची एसटी, मग केएमटी,
मग एक सायकल, जी कुठंच जात नाही.
पहिल्या दिवशी मी चार किलोमीटर गेले
आणि खिडकीबाहेर तोच झेरॉक्सवाला
तेच शटर वर करत होता.

तबस्सुम मुजावर रक्त काढायची,
सायकलीआधी एकदा, घाम आल्यावर एकदा.
नळी गरगर फिरवून उजेडात धरायची.
"बगा मावशी, खाली तांबडा, वर पांढरा. रक्तबी कोल्हापूरचंच!"
मी जैनाची. दोन्ही रस्से जन्मात चाखले नाहीत.
तरी इतकी हसले
की दंडावरचा कापूस पडला.

त्या पांढऱ्यात ते असतं.
मायक्रोआरएनए. बावीस-एक अक्षरांची चिठ्ठी.
स्वतः काही घडवत नाही.
पेशीत एखादा निरोप निघालेला असतो,
वाढ, अजून वाढ,
ही जाऊन त्याला चिकटते
आणि तो निरोप वाचलाच जात नाही.
मांडी दमली की अशा चिठ्ठ्या रक्तात सोडते म्हणे.
काही उलट्याही वागतात,
राखणदारालाच गप्प करतात,
तबस्सुमनं तेही लपवलं नाही.
कुठली कुठं पोचते, कोण उघडतं,
त्याचा हिशोब अजून कुणाच्या वहीत पुरता उतरलेला नाही.

मी आयुष्यभर वाजणाऱ्या वस्तू केल्या.
गप्प करणं हीसुद्धा कारागिरी असते
हे पन्नाशीला कळलं.

शेवटच्या शुक्रवारी कागद मिळाला.
तीन आकडे चढलेले, दोन उतरलेले,
एक होता तिथंच, आमच्या सासऱ्यांसारखा.
मी विचारलं, "म्हणजे मला होणार नाही?"
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"जोखीम थोडी कमी होत असावी.
ती या चिठ्ठ्यांमुळं की आणखी कशामुळं, ठाऊक नाही.
कागदाला वचन समजू नका. चालत राहा.
आणि तपासणी चुकवू नका."
सराफ असा बोलला असता तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं.
मला तो माणूस खरा वाटला.
ज्याला घट कबूल आहे, त्याचं वजन बरोबर असतं.

आता सायकल नाही.
उसाच्या कडेनं जाते, कारखान्याच्या रस्त्यापर्यंत.
बरोबर कमलश्रीची त्रिशला, वय एकोणीस,
चपलेला शिव्या देत, फोनमध्ये बघत.
"मावशे, आईनं चाललं असतं तर?"
एकदाच विचारलं तिनं, ट्रॅक्टर जाताना.
मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग तिचा हात धरून जरा जोरात निघाले.
धाप लागली तिला. लागू दे.
"अजून त्या खांबापर्यंत," मी म्हटलं,
आणि खांब आल्यावर
पुढचा दाखवला.