डावी तर्जनी

अठरा वर्षं मी डॉक्टर अर्सुला टिझर्डचा आवाज टाइप करते.
समोरासमोर आम्ही बोलतो ते धुक्याबद्दल,
सेंट जॉन्सच्या बंदरात अडकलेल्या बर्फाबद्दल, पार्किंगबद्दल.
मेलेल्यांबद्दल ती फक्त माझ्या कानात बोलते.

हृदय तीनशे चाळीस ग्रॅम.
उजवं फुफ्फुस सातशे दहा, जड, फेसाळ.
जठरात चहा, अर्धवट पचलेला पाव, काकवीचा वास.
मागे नळ वाहत असतो,
तराजूचं ताट किणकिणतं,
आणि एखाद्या वाक्याच्या मधोमध ती थांबते.
त्या थांबण्याला मी स्वल्पविराम देते.
नियमात बसतं का, कुणी विचारलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी लिहून गेले होते, बिचारा.
तिनं लाल पेनानं शब्द खोडला. रागावली नाही.
म्हणाली, बर्निस, दिसलं तेवढंच लिहायचं.
त्याची बाजू घ्यायची नाही,
आणि समुद्राचीही.

फेब्रुवारीतल्या त्या फाइलवर नुसता नंबर होता.
पुरुष, पन्नास ते साठ, पाण्यात किमान दोन आठवडे.
लोकरीचा एकच हातमोजा, उजवा,
अंगठ्यापाशी हिरव्या धाग्यानं रफू.
डावी तर्जनी: वरचं पेर नाही. जखम जुनी, भरलेली.

ते पेर कुठे गेलं मला ठाऊक होतं.
स्कल्पिन कोव्हला, मासे कापायच्या टेबलावर, माझ्यासमोर.
रक्ताचा हात बादलीत बुडवून अँब्रोझ हसला होता:
अंगठी या बोटात घालत नाहीत ना? मग चालेल.
मी नाही म्हटलं ते पुढच्या उन्हाळ्यात.

टेप मागे नेली. पुन्हा ऐकली.
मग तिच्या दारात जाऊन उभी राहिले.
ती सँडविच खात होती.
तिनं खुर्ची दिली नाही, कागद दिला.
मी नाव लिहिलं, बोटाचं लिहिलं.
हातमोज्याबद्दल लिहायला गेले आणि थांबले,
तो रफू कुणाचा, मला माहीत नव्हतं.
बोटावरून नाव लागत नाही, ती म्हणाली,
आणि दातांचे एक्स-रे मागवले. ते यायला चार दिवस.

शेवटच्या पानावर चौकोन पाच.
नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, हत्या, अनिर्णित.
होडी बांधलेली, दोर शाबूत,
बूट धक्क्यावर, शेजारी शेजारी.
तीन दिवस पान तिच्या टेबलावर पडून होतं.
पोलीस म्हणाले, उघडच आहे की.
तिनं पाचव्यात खूण केली.

आता दर मंगळवारी दहाला त्याच्या बहिणीचा फोन येतो.
मी माझं नाव सांगत नाही, फक्त जोडून देते.
नक्की काय झालं, ती विचारत असणार.
थंडी लागली असेल का, हेही.
काचेपलीकडून एवढंच ऐकू येतं:
मला माहीत नाही, मिसेस हिस्कॉक.
सगळं पाहिलं, आणि तरी माहीत नाही.

दुसऱ्या कुणाशी बोलताना ती बसलेली असते.
या फोनला उठून उभी राहते.