मोकळ्या जागा

नेरूळ, सेक्टर सहा. माझ्या टायपिंगच्या दुकानात
सुभेदार उतेकर पाच वह्या घेऊन आले.
'मराठीच आहे,' म्हणाले, 'मधे मधे पाखरं आहेत.'

माझ्या कॉम्प्युटरात पाखरं नव्हती.
मी घुबडाएवढी, बगळ्याएवढी
जागा सोडत टाइप करत गेलो.

साठ साली सिनाईत, डोक्यावर निळी टोपी,
रात्रभर कानात वायरलेसचे ठिपके आणि रेघा.
रजेवर कैरोला गेले ते एका भिंतीसमोर उभेच राहिले:
हाही संदेशच, पोच द्यायची राहिलेला.
पेन्शनीत आल्यावर तीस वर्षं ते पोच लिहीत होते.

तीनशे प्रती छापून आल्या.
खाडीकाठचा बोरू तासून, रोज दुपारी स्टुलावर,
एकेक जागा भरायचे.
'तोंडं जिकडे, तिकडून वाचायला लागायचं.
हा रोहित. हा आला की लाल.'

अर्पणपत्रिकेवर नुसतं नाव, भिवा सकपाळ.
सुरुंग फुटला तेव्हा उतेकरांच्या चार पावलं पुढे.
नावाभोवती त्यांनी दोरीचं लांबट वेटोळं काढलं.
'हे राजांनाच असतं ना?' मी विचारलं.
बोरू पुसत म्हणाले,
'राजांची सोय झालीये.'

सतरा प्रती राहिल्या.
पाखरं मला जमत नाहीत.
सतरा दोऱ्या तेवढ्या काढल्या, वेड्यावाकड्या.

जानेवारीत ओहोटीला दुकान ओढून घेतो, खाडीवर जातो.
चिखलात रोहित, सगळे वाऱ्याकडे तोंड करून.
मी तिकडून सुरुवात करतो.
लाल, लाल, लाल...
पुढचं येत नाही.