अंगठ्याखाली

बापाला वाटलं, मी तलाठी होणार.
आत्याला वाटलं, मी नकाशे विकणार,
जून लागला की सावद्याला एक माणूस यायचा तसे,
सायकलच्या दांडीला महाराष्ट्र गुंडाळून.
मी म्हटलं, विकणार नाही, करणार.
“रस्ता हायेच ना व माय,”
टायरवर टॉमी आपटत बाप म्हणाला,
“मंग तू काढू कायले राह्यली?”

उत्तर आलं नाही.
धुळ्याला आयटीआयत सर्वेअरच्या वर्गात
एकवीस पोरं आणि मी.
पांझरेच्या कोरड्या पात्रात तिपाई रोवायची,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरायचा.
दहानंतर हवा थरथरते,
सरळ खांब वाकडा दिसतो,
म्हणून मोजणी सकाळीच.
खैरनार सर म्हणायचे,
चूक होणारच.
किती झाली, ते लिहून ठेवा.

आमच्या घरात असं कोणी लिहून ठेवत नव्हतं.

मग जळगाव, तिसरा मजला, पंखा एक.
शीटमागे पैसे.
पडद्यावर वरून पाहिलेल्या केळीच्या बागा,
आणि प्रत्येक बागेभोवती माझी रेष,
बिंदूला बिंदू जोडत, रेष घरी परत येईपर्यंत.
सुकी नदीला मी निळा रंग देते.
तुटक निळा, नियमाप्रमाणे,
कारण वर्षातले आठ महिने ती नावाला जागते.
नियम करणाऱ्याने तिला पाहिलं नसावं,
तरी जमलंय त्याला.

एकदा पालच्या वर, सातपुड्यात,
यादीत नसलेल्या पाड्यावर पाठवलं.
अकरा घरं. बाजेवर वाळत घातलेली मोहाची फुलं.
रेमसिंग बारेला यादी उलटीसुलटी बघून म्हणाला,
आम्ही नाही ना इथे?
मग हे कुत्रं कोणाचं भुंकतंय तुमच्यावर?
मी अकरा घरं मोजली, कुत्रं सोडून.
अर्ध्या मिलिमीटरचा काळा ठिपका केला.
साहेबांनी तो काढला,
नाव मंजूर नाही म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू.
माझ्या वहीत अजून आहे तो,
पेन्सिलीने, शेजारी तारीख.

बापाचे गुडघे गेले तेव्हा ट्रक विकला.
सावदा ते दिल्ली,
एकोणतीस वर्षं केळी पोचवली त्याने, पिकायच्या आत.
दिवाळीला मी त्याला तो रस्ता काढून नेला,
एकास दहा लाख, जाड कागद, चार रंग.
त्याने आधी ढाबे शोधले. नव्हते.
खंडव्याच्या अलीकडचा घाट शोधला,
तर समोच्च रेषांचा नुसता गुंता.
“चढ कुठी हाये ह्याच्यात?
पहिल्या गेअरचा वास कुठी हाये?”
मी हसले. आईही हसली, चुलीकडे तोंड करून.

मग त्याचा अंगठा बऱ्हाणपुरापासून सरकत गेला,
इंदूर, गुना, सावकाश,
जसा पुढे कोणी बैलगाडी घेऊन चाललाय.
शिवपुरीच्या पुढे थांबला.
“सुपडू,” तो म्हणाला.

क्लीनर होता त्याचा. मी तेव्हा चौथीत.
ट्रक परत आला तो एकट्या बापासकट,
आणि आमच्याकडे त्यावर कोणी बोललं नाही.
“नेमकं कुठे?” मी विचारलं.
सवयीने विचारलं, हातात पेन होतं.
पुलाच्या आधी की नंतर, नाक्यापासून किती,
मला ठिपका नीट जागेवर हवा होता.
बाप काही बोलला नाही.
अंगठाही उचलला नाही.
ग्रीसने काळी पडलेली, कधीच न निघालेली ती चिरेदार कड,
खाली माझे
सोळा किलोमीटर.

आई म्हणाली, जेवून घ्या.