बावीस ग्रॅम

पहाटेचे चार. हॉटेलच्या मागे उभा आमचा ट्रक,
ट्रकच्या पोटात माझं स्वयंपाकघर.
बाहेर पिरेनीजचे डोंगर अजून कुशीवर झोपलेले,
आणि मी तांदूळ धुतेय आठ सायकलस्वारांसाठी.
भिंतीवर डॉक्टरांचा तक्ता आहे.
त्यात सगळ्यांची वजनं आहेत,
भूक कुणाचीच नाही.

एव्हर चापारो. अठ्ठावन्न किलो, दोनशे ग्रॅम.
भात तीनशे ग्रॅम, दोन अंड्यांचं ऑम्लेट,
ओट्स, केळं, ऑलिव्ह तेल चमचाभर.
आज चार घाट, शेवटचा सगळ्यांत नतद्रष्ट.
काट्यावर मी दाणा दाणा बरोबर मोजते
आणि तो दाणा दाणा ताटाच्या कडेला सारतो,
वर पालकाचं पान झाकतो.
अरे, दोन मुलगे वाढवलेत मी, त्यांतला एक असाच लबाड.
पान उचलून बघायची मला सवय आहे.

"हलकं असलं की चढ सोपा जातो, इत्सियार."
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
शिकवावं लागतच नाही;
आरशासमोर, काट्यावर, दुसऱ्याच्या पोटऱ्यांकडे बघत
पोरं आपली आपणच शिकतात.

बेनात होता आमच्याकडे, तीन वर्षांपूर्वी.
रात्रीच्या जेवणाला काकडी आणि कौतुक.
वसंतात दोन शर्यती जिंकला,
जूनमध्ये सपाट रस्त्यावर, कुणी धक्काही न देता पडला
आणि मांडीचं हाड मोडलं,
वाळक्या शेंगेसारखं.
तेविसाव्या वर्षी म्हाताऱ्या बाईची हाडं, डॉक्टर म्हणाले.
त्या रात्री मी सूप केलं होतं.
त्याच्या वाटणीचं तसंच राहिलं, सकाळी साय धरलेलं.

काल एव्हरचे धुतलेले मोजे द्यायला खोलीवर गेले,
तर हा खिडकीशी पाठमोरा,
हातात वाळल्या पानांत बांधलेलं काहीतरी, नाकाशी धरलेलं.
गूळ.
बोयाकाहून, आईनं दिलेला.
त्यांचं गुऱ्हाळ आहे म्हणे, नदीच्या वळणावर;
कढईतला फेस काढता काढता
हा पहिल्यांदा सायकल चालवायला शिकला,
काकाच्या, पाय न पुरणाऱ्या.

"खात नाही मी," तो चोरी पकडल्यासारखा म्हणाला,
"फक्त वास घेतो."

माझ्या पोटात कालवलं.
तीस वर्षं रांधतेय, पण असं वाक्य ऐकलं नव्हतं.
रागवायला तोंड उघडलं
आणि म्हणाले, "दे इकडे."

आता तो ढेप सुरीखाली आहे.
कडेचा तुकडा काट्यावर: बावीस ग्रॅम.
किसून गरम भातात घालते, चिमूटभर मीठ,
दुपारच्या वड्या थापते,
चांदीच्या कागदात एकेक गुंडाळते.
तक्त्यावर त्याच्या नावापुढे लिहिते: गूळ, बावीस.
डॉक्टर वाचतील, भुवया उंचावतील,
मग अंकच आहे म्हटल्यावर गप्प बसतील.

उरलेली ढेप त्याच्यासमोर पुन्हा पानात बांधते.
तो बघत राहतो, मी काही बोलत नाही.
न्याहारीचं ताट पुढे सरकवते.
पालकाचं पान आज मी वाढलेलंच नाही.
लपवायला जागा नाही बघून तो हसतो,
आणि हळूहळू, रडका नसलेला पण रडवेला चेहरा करून,
भात खातो.

संध्याकाळी एकेचाळिसावा आला.
पहिल्यापेक्षा अकरा मिनिटं मागे;
पेपरात नाव यायचं नाही.
ट्रकच्या पायरीवर घामट अंगानं बसला,
तोंडाभोवती मिठाचे पांढरे ओघळ,
खिशातून चुरगळलेले कागद काढले, चारही, रिकामे,
नी विचारलं,
"रात्री काय आहे?"

कॉड आहे, बटाटे आहेत, मसूर शिजतोय.
"आणि?"
आणि काय, बस आधी, हात धू.