विषय : बसण्याची परवानगी मिळणेबाबत

कलेक्टर ऑफिससमोरच्या कडुनिंबाखाली
माझं टेबल, माझं मराठी टाइपरायटर,
एका पानाचे तीस रुपये.
उत्पन्नाचा दाखला, नावातला बदल, हरवलेली गुणपत्रिका :
लोकांचं जे जे हरवतं
ते मी डबल स्पेसमध्ये परत मागून देते.

ती मार्चमध्ये आली. स्कूटीची चावी दातांत, खांद्यावर पिशवी.
"ताई, पोलिसांना अर्ज करायचा आहे.
संविधान चौकात बसायचं हाय, तीस बायका,
चार ते सहा. भरतकाम करू."
म्हटलं, भरतकाम घरी नाही का होत?
"होते ना. पण घरी कोन पाह्यते?"

नाव : लमीस वजीह शाहीन.
जन्म : मेयो हॉस्पिटल, नागपूर.
राहणार : जाफरनगर.
मूळ गाव?
इथं माझी बोटं थांबली, ती नाही थांबली.
"याफा लिहा."
मी जाफा लिहिलं, मग जाफर,
पांढरी शाई तिनंच फुंकून वाळवली.

तिचे वडील त्र्याऐंशी साली औषधशास्त्र शिकायला आले.
खोली घेतली चार वर्षांसाठी.
त्या घरमालकाची नातवंडं आता त्यांना आजोबा म्हणतात.
बाजारात कुणी इराणी समजतं, कुणी काश्मिरी.
ते हो म्हणतात, सौदा लवकर आटोपतो.
फक्त संत्र्यांच्या दिवसांत
कळमन्याहून डझन डझन आणतात,
साल नाकाशी धरतात, म्हणतात,
छान आहे.
पण हे नाही.

पिशवीतून तिनं कापड काढलं, काळं,
त्यावर लाल टाक्यांची सरूची झाडं.
आत्याच्या झग्याचा छातीकडचा तुकडा.
टाके पाहून म्हणे बाई कुठल्या गावची ते कळायचं.
गावं गेली,
टाके अम्मानमधल्या एका फ्लॅटमध्ये राहतात, तिसऱ्या मजल्यावर.

मी कोष्ट्याची पोर, गोळीबार चौकातली.
बापाच्या मागावर करवती काठ पडायचा,
आरीचे दात, एकसारखे, न मोजता.
पडताळणी समितीनं भावाला पन्नास सालाआधीचा पुरावा मागितला
तेव्हा बाप काठ घडी घालून घेऊन गेला होता.
साहेब म्हणाले, कापड चालत नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.
तीस रुपयेही घेतले नाहीत, ते तिनं टेबलाच्या खणात टाकले.

अर्ज दोनदा परत आला.
घोषणा कोणत्या देणार?
देणार नाही.
मग मागणी काय?
लमीस बराच वेळ कडुनिंबाकडे पाहत राहिली.
"लिहा, बसू द्यावे."
तिसऱ्यांदा शिक्का पडला. अटी सतरा.

शनिवारी मी टेबल लवकर झाकलं.
मोमिनपुऱ्याच्या बायका, इंदोऱ्याच्या दोघी,
कॉलेजच्या पोरी ज्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता,
आणि कोपऱ्यात वजीहभाई, सगळ्यांचा दोरा ओवून देत,
चष्मा कपाळावर.
लाल दिव्याला थांबलेला एक ऑटोवाला म्हणाला,
काऊन बसल्या बे ह्या?
कुणीच उत्तर दिलं नाही, हिरवा झाला, तो गेला,
पुढच्या दिव्याला थांबून मागे पाहत राहिला.

मला चौकोनी तुकडा मिळाला.
चाळीस मिनिटांनी लमीसनं फोन त्याच्यासमोर धरला,
पलीकडे आत्या, चेहरा स्क्रीनला अगदी चिकटलेला.
ती काहीतरी लांबलचक बोलली.
"आत्या विचारते, हे झाड कोन्या गावचं?
आमच्यात असं नाही."

मी खाली पाहिलं.
सरू काढता काढता हातानं करवत काढली होती.
सांग तिला, गोळीबार चौक.

आत्यानं ते नाव म्हणून पाहिलं.
दोनदा चुकली.

पावणेसहा झाले तेव्हा
इतका वेळ उभी असलेली लेडी कॉन्स्टेबल वाकली,
माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं,
म्हणाली, पंधरा मिनिटं राहिली बाई,
गाठ मारून घ्या.